विहिरीच्या काठावरचे मूल

आमच्या शाळेच्या ग्रंथालयातल्या सुन त्झूच्या युद्धशास्त्राच्या प्रती इतक्या फिरतात की त्यांची शिवण उसवली आहे. एनडीएच्या मुलाखतीत एखादे वाक्य टाकता येईल म्हणून सीनियर ते पुस्तक नेतात, आणि सीनियर नेतात म्हणून ज्युनियरही नेतात. त्याच चीनमध्ये, तशाच धामधुमीच्या काळात, काही माणसे एका वेगळ्या प्रश्नावरून हमरीतुमरीवर आली होती. माणसाला दुसऱ्याची दया येते ती उपजत येते, की ती शिकवावी लागते? हा प्रश्न निवांत बसून सोडवायचा आहे असे वाटेल. पण तो विचारणारे लोक राजांच्या दरबारात उभे होते आणि दरबाराबाहेर लढाया चालू होत्या. आपल्यापैकी बरेच जण पुढे गणवेश घालणार आहेत, म्हणून मला तो आपलाही प्रश्न वाटतो.

आधी काळ सांगतो. इ.स.पू. ४७५ ते २२१ या काळाला चीनच्या इतिहासात युद्धमान राज्यांचा काळ म्हणतात. छिन, छी, चू, यान, हान, चाओ आणि वेई अशी सात मोठी राज्ये एकमेकांच्या उरावर बसली होती. पूर्वी सरदार रथात बसून लढत. आता शेतकऱ्यांच्या पोरांना भरती करून प्रचंड पायदळे उभी राहू लागली होती. वेई राज्याचा राजा हुई याची गोष्ट घ्या. इ.स.पू. ३४१ मध्ये मालिंग येथे छीच्या सैन्याने त्याच्या सैन्याचा फडशा पाडला. छीचा युद्धसल्लागार सुन बिन याने माघार घेताना रोज पेटवायच्या चुलींची संख्या कमी कमी करत नेली. शत्रूला वाटले, छीचे शिपाई पळून चालले आहेत, आणि तो बेसावधपणे पाठलाग करत दरीत शिरला. (या सुन बिनचे हरवलेले पुस्तक १९७२ साली शांतुंग प्रांतातल्या एका थडग्यात बांबूच्या पट्ट्यांवर सापडले.) त्या युद्धात हुई राजाचा थोरला मुलगा गेला.

अशा राजाकडे काही वर्षांनी एक म्हातारा विद्वान आला. त्याचे नाव मेन्शियस. चिनी लोक त्याला मंगझी म्हणतात. त्याचा काळ सुमारे इ.स.पू. ३७२ ते २८९ असा धरतात. कन्फ्यूशियस जाऊन शंभरावर वर्षे झाली होती, आणि हा स्वतःला त्याचा वारसदार समजत होता. राजाने पहिलाच प्रश्न टाकला की, एवढ्या लांबून आलात, तर माझ्या राज्याचा काय फायदा करून द्याल? मेन्शियसने त्याला तिथेच अडवले. राजा फायद्याचे बोलू लागला की सरदार फायद्याचे बोलतात, मग प्रजा फायद्याचे बोलते, आणि शेवटी सगळे एकमेकांचे लचके तोडतात, असे त्याचे म्हणणे.

पुढे एकदा राजा तक्रार करू लागला. एका भागात दुष्काळ पडला तर मी दुसऱ्या भागातले धान्य तिकडे पाठवतो. शेजारचे राजे एवढेही करत नाहीत. तरी त्यांची प्रजा कमी होत नाही आणि माझी वाढत नाही, हे कसे? मेन्शियसने ओळखले की राजाला लढाईची भाषा कळते. त्याने विचारले, नगारा वाजला, हातघाई सुरू झाली, आणि काही शिपाई चिलखते टाकून पळाले. काही शंभर पावलांवर थांबले, काही पन्नास पावलांवर. पन्नासवाले शंभरवाल्यांना हसू लागले तर? राजा म्हणाला, त्यांना काय अधिकार, पळाले तेही. मेन्शियस म्हणाला, मग शेजाऱ्यांपेक्षा जास्त प्रजेची अपेक्षा आपणही करू नये. पन्नास पावले पळून शंभरवाल्याला हसणे हा वाक्प्रचार चिनी भाषेत आजही चालू आहे. आपल्या क्रॉस कंट्रीच्या दिवशी तो आपल्याकडेही चालेल.

आता मुख्य मुद्दा. मेन्शियसचे सगळे म्हणणे एका छोट्या उदाहरणावर उभे आहे. समजा, एक रांगते मूल विहिरीच्या अगदी काठाशी गेले आहे आणि आता पडणार, असे एखाद्या माणसाला अचानक दिसले. कोणीही असो, त्याच्या काळजात धस्स होतेच. मेन्शियस इथे थांबत नाही. तो वकिलासारख्या एकेक शंका काढतो. त्या मुलाच्या आईबापांशी ओळख वाढवावी म्हणून धस्स झाले का? नाही. गावात आणि मित्रांत वाहवा व्हावी म्हणून? नाही. पोराच्या किंकाळीचा आवाज कानाला नकोसा वाटतो म्हणून? तेही नाही. हिशेब करायला वेळच नव्हता. ‘अचानक’ या एका शब्दावर सगळा पुरावा उभा आहे.

हे उदाहरण मी हाउसमधल्या चार-पाच जणांना सांगून पाहिले. दोघे लगेच म्हणाले की धावणार नाहीत असेही लोक असतात. त्यांचे खरे आहे, पण मेन्शियसने माणूस धावेल असे म्हटलेलेच नाही. मला हा भाग सगळ्यांत हुशारीचा वाटतो. तो फक्त पहिल्या क्षणाबद्दल बोलतो. त्यानंतर माणूस धावेल, उभा राहील, पोहता येत नाही म्हणून कचरेल, किंवा ते शत्रूच्या घरचे मूल आहे हे आठवून पाठ फिरवेल. ते सगळे नंतरचे. पण आधी ते धस्स होणे आहे, आणि ते ज्याला अजिबात होत नाही त्याला माणूस म्हणावे कसे, असा त्याचा सवाल आहे.

या पहिल्या धक्क्याला तो जो शब्द वापरतो त्याचा अर्थ टोक किंवा कोंब असा होतो. मटकीला मोड येतो, तसे. असे चार कोंब माणसाच्या मनात असतात असे तो मानतो. दुसऱ्याचे दुःख न बघवणे हा पहिला, त्यातून माणुसकी वाढते. वाईटाची लाज वाटणे हा दुसरा, त्यातून न्यायबुद्धी. दुसऱ्याला आधी मान देणे हा तिसरा, त्यातून शिष्टाचार. आणि बरे-वाईट ओळखणे हा चौथा, त्यातून शहाणपण. हातपाय जसे चार, तसे हे चार. यादी थोडी शाळेतल्या फळ्यावरच्यासारखी वाटते हे कबूल. पण ‘कोंब’ हा शब्द नीट धरला तर ती वेगळीच दिसते. मोड म्हणजे झाड नव्हे. मेन्शियस माणूस जन्मतः साधू असतो असे म्हणत नाही. त्याच्यात साधू होण्याचे बी असते आणि ते कुजूही शकते, एवढेच तो म्हणतो. माणुसकीसाठी चिनी लिपीत जे अक्षर आहे, रन्, ते ‘माणूस’ आणि ‘दोन’ ही चिन्हे शेजारी लिहून होते. एकट्या माणसाला ते लिहिता येत नाही असे मी मजेने म्हणतो.

कोंब वाढवायचे कसे, यावर त्याची एक गोष्ट आहे आणि ती प्रत्येक वसतिगृहात लावून ठेवावी अशी आहे. सुंग राज्यातल्या एका शेतकऱ्याला आपली रोपे फार हळू वाढतात असे वाटले. तो शेतात गेला आणि त्याने एकेक रोप हाताने थोडे थोडे वर ओढले. घरी येऊन दमलेल्या आवाजात सांगू लागला की आज मी रोपांना वाढायला मदत केली. मुलगा धावत शेतात गेला तर सगळी रोपे माना टाकून पडलेली. काही लोक रोपांची निगाच राखत नाहीत, तण काढत नाहीत. काही लोक ओढतात. दुसऱ्या जातीचे लोक कुठे असतात ते मी लिहीत नाही, संपादक सर कापतील.

विहिरीचे उदाहरण कल्पनेतले होते. छी राज्याचा राजा श्वान याच्याशी झालेले बोलणे मात्र प्रत्यक्ष घडलेल्या प्रसंगावरचे आहे. राजा दिवाणखान्यात बसला होता. खालून एक माणूस बैल घेऊन चालला होता. नवी घंटा ओतली की तिला बळीच्या रक्ताने माखायची रीत होती, त्यासाठी तो बैल चालला होता. बैल थरथर कापत होता. राजा म्हणाला, सोडून द्या त्याला, निरपराध्याला वधस्तंभाकडे नेल्यासारखा तो दिसतो आहे, मला बघवत नाही. नोकराने विचारले, मग घंटेचा विधी बंद करायचा का? राजा म्हणाला, छे, बंद कसा करणार. बैलाऐवजी मेंढा घ्या.

लोक हसले. राजा कवडीचुंबक आहे, मोठे जनावर वाचवून छोटे दिले, असे बोलू लागले. मेन्शियसने राजाला सांगितले की तुम्ही पैसा वाचवायला हे केले नाही हे मला ठाऊक आहे. पण लोकांना दोष देऊ नका, बैल निरपराध तर मेंढाही निरपराधच. राजा स्वतःच गोंधळला. त्याला आपल्याच मनाचा थांग लागेना. तेव्हा मेन्शियसने सांगितले की यात वाईट काही नाही, दया अशीच काम करते. बैल तुम्ही पाहिला, मेंढा पाहिला नाही.

मी हा भाग दोनदा वाचला. इथे मेन्शियस राजाला शाबासकी देतो आहे की त्याची चूक दाखवतो आहे? माझ्या मते दोन्ही. दया डोळ्यांतून आत येते. जे दिसते त्याचीच येते. ही तिची खरी गोष्ट आहे आणि तीच तिची लंगडी बाजू आहे. म्हणून पुढच्याच बोलण्यात तो राजाला पेचात पकडतो. कोणी म्हणाले, मी प्रचंड ओझे उचलू शकतो पण एक पीस उचलता येत नाही. मला केसाचे टोक दिसते पण गाडीभर लाकडे दिसत नाहीत. तर तुम्ही विश्वास ठेवाल? नाही ना? मग तुमची दया एका बैलापर्यंत पोहोचते आणि तुमच्या प्रजेपर्यंत पोहोचत नाही, हे कसे? ताई पर्वत काखेत मारून समुद्रावरून उडी मारता येत नाही, ते खरोखरच न जमणारे आहे. पण थोरांसाठी झाडाची एक फांदी तोडून देणे जमत नाही असे म्हणणारा न जमणारा नसतो, तो न करणारा असतो. राजाचे प्रकरण फांदीचे आहे, पर्वताचे नाही.

आणि तो नुसता उपदेश करून थांबत नाही. घराभोवती तुतीची झाडे लावू द्या, म्हणजे पन्नाशीच्या माणसांना रेशीम मिळेल. कोंबड्या-डुकरे पाळू द्या, म्हणजे सत्तरीच्या माणसांना मांस मिळेल. पेरणी-कापणीच्या दिवसांत शेतकऱ्यांना वेठीला आणि लढाईला नेऊ नका, म्हणजे आठ माणसांचे कुटुंब उपाशी राहणार नाही. ज्याच्या पोटाची सोय नाही त्याचे मन ठिकाणावर राहत नाही, तो गुन्ह्याकडे वळतो. आणि वळल्यावर त्याला शिक्षा करणे म्हणजे प्रजेसाठी जाळे लावून बसणे. दयेचा विचार इतका खाली, कोंबड्यांपर्यंत आणलेला मी दुसरीकडे वाचलेला नाही.

असे बोलणाऱ्याचे विरोधक असणारच. गाओझी नावाचा विचारवंत म्हणे की माणसाचा स्वभाव पाण्यासारखा आहे; पूर्वेला पाट काढा, पूर्वेला वाहील, पश्चिमेला काढा, पश्चिमेला; चांगले-वाईट असे त्यात काही नाही. मेन्शियसने उत्तर दिले की पाण्याला पूर्व-पश्चिम कळत नाही हे खरे, पण वर-खाली कळत नाही का? पाणी खाली वाहते तसा माणूस चांगल्याकडे जातो. हाताने मारून पाणी कपाळाच्याही वर उडवता येते, पण तो पाण्याचा स्वभाव नव्हे. वादात गाओझी हरला असे पुस्तक दाखवते, पण पुस्तक मेन्शियसच्या बाजूचे आहे. मला हे उत्तर चपळ वाटते, पटत नाही. ‘खाली’ म्हणजेच ‘चांगले’ हे कोणी ठरवले?

त्यापेक्षा त्याचे बैल-डोंगराचे उदाहरण पक्के आहे. छीची राजधानी लिंझी हे तेव्हाचे फार मोठे शहर होते. त्याच्याजवळच्या या डोंगरावर एके काळी दाट झाडी होती. शहर जवळ, म्हणून रोज कुऱ्हाडी चालल्या. रात्रीचे दव आणि पाऊस यांनी पुन्हा धुमारे फुटत. तेवढ्यात गुरे आणि मेंढ्या येऊन ते खात. डोंगर बोडका झाला. आता त्याला पाहणारा म्हणतो, इथे कधी झाडे नव्हतीच. क्रूर माणसाकडे पाहून आपण हेच म्हणतो. रात्रीच्या शांततेत त्याच्यातही थोडे फुटते, आणि दिवसाची कामे ते पुन्हा खाऊन टाकतात.

मेन्शियसच्या आधी होऊन गेलेल्या मोझीला हे कोंब-बिंब मान्य झाले नसते. त्याच्या मते अडचण अशी की माणूस आपल्यांवर प्रेम करतो आणि परक्यांवर करत नाही. सगळ्या भांडणांचे मूळ तेच. तेव्हा सर्वांची सारखीच काळजी घ्या, दुसऱ्याचे राज्य स्वतःच्याच राज्यासारखे समजा. दया आतून येते का याची त्याला फारशी पर्वा नव्हती. विचार करून पटले की माणसाने तसे वागावे. आणि तो स्वतः तसा वागला. चू राज्यासाठी गोंगशू बान नावाच्या कारागिराने तटावर चढायच्या उंच शिड्या बनवल्या आणि चू आता छोट्या सुंगवर चालून जाणार, हे त्याला कळले. तो दहा दिवस आणि दहा रात्री चालत चूच्या राजधानीत पोहोचला. कारागिराला म्हणाला, उत्तरेकडे एकाने माझा अपमान केला आहे, त्याला मारून टाकशील? मोबदला देतो. कारागीर चिडला, मी तत्त्वाने कोणाला मारत नाही म्हणाला. मोझीने विचारले, मग सुंगच्या लोकांनी काय केले आहे? एकाला मारणे तत्त्वात बसत नाही आणि पुष्कळांना मारणे बसते?

पुढचा भाग आपल्या वाळूच्या नकाशावरच्या खेळासारखा आहे. राजासमोर मोझीने कमरेचा पट्टा सोडून जमिनीवर त्याचा तट केला. कारागिराने नऊ वेळा नऊ तऱ्हांनी हल्ला केला, मोझीने नऊही वेळा परतवला. हल्ल्याची यंत्रे संपली, बचावाच्या युक्त्या उरल्या. कारागीर म्हणाला, तुला हरवायचा एक उपाय मला माहीत आहे पण मी सांगणार नाही. मोझी म्हणाला, मलाही तो माहीत आहे, मला इथेच मारायचे. पण माझे तीनशे शिष्य सुंगच्या तटावर आधीच उभे आहेत. चूने चढाई सोडून दिली. परत येताना मोझी सुंगमधूनच गेला. पाऊस लागला म्हणून वेशीच्या आडोशाला जायला लागला, तर पहारेकऱ्याने त्याला आत घेतले नाही. त्याला काय माहीत हा कोण. हा गोंगशू बान, ज्याला लू बान असेही म्हणतात, चिनी सुतारांचा देव झाला. मोझीच्या वाट्याला तेवढा मान आला नाही. मेन्शियसने तर, सर्वांवर सारखे प्रेम म्हणजे बापाला बाप न मानणे, अशी त्याच्या पंथावर टीका केली. मला ती अन्यायाची वाटते. विहिरीच्या काठावरचे ते मूल शेवटी परक्याचेच होते ना?

सगळ्यांत तगडा विरोधक मेन्शियसनंतर आला. श्युन्झी. तोही कन्फ्यूशियसच्याच परंपरेतला, छीमधल्या विद्वानांच्या प्रसिद्ध मेळ्यातला सर्वांत मोठा आचार्य. त्याने लिहिले की माणसाचा स्वभाव वाईट आहे आणि चांगुलपणा ही कष्टाने केलेली गोष्ट आहे. हे वाक्य ऐकून तो खडूस असेल असे वाटते. पण त्याचे म्हणणे सोपे होते. माणसाला इच्छा पुष्कळ, वस्तू थोड्या. मोकळे सोडले तर हिसकाहिसकी होणार. वाकड्या लाकडाला वाफ देऊन, दाबून सरळ करावे लागते. बोथट पात्याला दगडावर घासावे लागते. माणसाला गुरू, रीतिरिवाज आणि नियम लागतात. तो जन्मला चाओ राज्यात. त्या राज्याचे सैन्य इ.स.पू. २६० मध्ये चांगपिंगला छिनकडून हरले आणि छिनच्या सेनापतीने शरण आलेल्या शिपायांची कत्तल केली. चार लाखांवर माणसे मेली असे सिमा चिएन हा इतिहासकार लिहितो. आकडा फुगवलेला असावा असे आजच्या अभ्यासकांना वाटते. कोंब-मोड यांवरचा कोणाचाही विश्वास त्या काळात डळमळला असता.

पहिल्या आठवड्यातली आमची परेड पाहिली असती तर श्युन्झी खूश झाला असता. एकाचा उजवा, दुसऱ्याचा डावा, तिसरा भलतीकडेच. उस्तादांनी वाफ दिली, दाबले, घासले, आणि आज आम्ही सरळ चालतो. तेव्हा त्याचे अर्धे मी मान्य करतो. पण त्यालाच विचारलेला एक जुना प्रश्न आहे. सगळेच लाकूड वाकडे, तर पहिला सुतार आला कुठून? ज्या पहिल्या शहाण्यांनी नियम केले त्यांना चांगले म्हणजे काय हे कळले कसे? श्युन्झी म्हणतो, कुंभार माठ घडवतो तसे त्यांनी कष्टाने आणि विचाराने ते घडवले. माठ काही कुंभाराच्या स्वभावात नसतो. मला हे उत्तर अपुरे वाटते. माठ घडवावा असे कुंभाराला का वाटले, ते राहूनच जाते.

गंमत म्हणजे हाच श्युन्झी युद्धावर बोलतो तेव्हा मेन्शियसच्या अगदी जवळ येतो. चाओच्या राजासमोर एका सेनानीशी त्याचा वाद झाला. सेनानी म्हणाला, युद्ध म्हणजे डावपेच आणि फसवाफसवी. श्युन्झी म्हणाला, प्रजा मनाने एक असेल तरच सैन्य. बाकी भाडोत्री गर्दी. त्याने सैन्याचे नियमही सांगितले. म्हातारे आणि दुबळे यांना मारायचे नाही. उभी पिके तुडवायची नाहीत. शरण आलेल्याला कैद करायचे नाही. त्याच्याच एका शिष्याने त्याला टोकले की, माणुसकी म्हणजे माणसांवर प्रेम असे तुम्ही म्हणता, मग मुळात सैन्य हवेच कशाला? श्युन्झीने उत्तर दिले की माणसांवर प्रेम आहे म्हणूनच त्यांना छळणाऱ्यांचा राग येतो. सैन्य त्या छळाला थांबवण्यासाठी आहे, लुटीसाठी नाही. हा प्रश्न मला घरी आजीने वेगळ्या शब्दांत विचारला होता. श्युन्झीचे उत्तर मी पुढच्या सुट्टीत तिला सांगणार आहे.

मेन्शियसही युद्धाच्या सरसकट विरोधात नव्हता. त्याची खरी परीक्षा त्या बैल वाचवणाऱ्या राजाच्याच दरबारात झाली. उत्तरेकडच्या यान राज्याच्या राजाने गादी आपल्या मंत्र्याला देऊन टाकली आणि तिथे यादवी माजली. इ.स.पू. ३१४ मध्ये श्वान राजाच्या सैन्याने यान घेतले, तेही पन्नास दिवसांत. यानचे लोक टोपल्यांत अन्न आणि मडक्यांत पेय घेऊन छीच्या सैन्यासमोर आले होते. राजाने मेन्शियसला विचारले, आता यान आपल्या राज्यात जोडू का? तो म्हणाला, तिथल्या लोकांना ते हवे असेल तर जोडा, नको असेल तर नको. ते तुम्हाला अन्न घेऊन सामोरे आले ते बुडण्यातून सुटका व्हावी म्हणून. पाणी आणखी खोल झाले तर ते तोंड फिरवतील.

पाणी खोल झाले. छीच्या सैन्याने बाप-भाऊ मारले, तरुणांना बांधून नेले, पूर्वजांची मंदिरे पाडली, पूजेची भांडी लुटून आणली. बाकीची राज्ये यानच्या मदतीला यायची तयारी करू लागली. घाबरलेल्या राजाला मेन्शियसने सांगितले की अजून वेळ आहे. धरून आणलेली म्हातारी माणसे आणि मुले परत पाठवा, भांड्यांची लूट थांबवा, यानच्या लोकांना विचारून त्यांचा राजा बसवा आणि सैन्य काढून घ्या. राजाने ते केले नाही. यानचे लोक उठले. तेव्हा राजा दरबारात म्हणाला की मला मेन्शियसला तोंड दाखवायची लाज वाटते. त्याच्या यादीतला दुसरा कोंब राजात होता म्हणायचा. एका दरबाऱ्याने लगेच जुन्या काळातले दाखले काढून राजाची समजूत घातली. मेन्शियस पुढे छी सोडून गेला. चौदाव्या शतकात मिंग घराण्याच्या पहिल्या सम्राटाला त्याचे पुस्तक इतके झोंबले की त्यातले पंच्याऐंशी उतारे कापून नवी आवृत्ती काढली गेली. प्रजा मोठी आणि राजा लहान असे सांगणारे उतारे त्यात होते.

यानने ते विसरले नाही. इ.स.पू. २८४ मध्ये यानचा सेनापती युए यी इतर राज्यांचे सैन्य जोडून छीवर चालून आला. तेव्हा श्वानचा मुलगा मिन गादीवर होता. सत्तरहून अधिक शहरे पडली, राजधानी लिंझी लुटली गेली, मिन राजा मारला गेला. फक्त च्यू आणि जिमो ही दोन शहरे उरली. जिमोचा वेढा इ.स.पू. २७९ मध्ये उठला तो तिएन दान नावाच्या सेनापतीच्या युक्तीने. त्याने शहरातले हजारावर बैल गोळा केले, त्यांच्या अंगावर लाल रेशमावर रंगवलेल्या नागांच्या झुली घातल्या, शिंगांना पाती बांधली, शेपट्यांना तेलात भिजवलेले बोरू बांधून पेटवले आणि रात्री तटाला पाडलेल्या भगदाडांतून त्यांना यानच्या छावणीवर सोडले. मागून पाच हजार निवडक शिपाई. यानचे सैन्य उधळले आणि छीने सत्तर शहरे परत घेतली. सिमा चिएनने ही लढाई बारकाईने लिहिली आहे. त्या हजार बैलांचे पुढे काय झाले, ते लिहिलेले नाही.